मिटलं

सोमवार
हॉस्पिटलात झकास नोकरी लागली! खिडकीपाशी टेबल, कोरी खुर्ची, हवा तेव्हा चहा. इथे प्रत्येक पेशंटच्या आजारांची यादी कॉम्प्युटरवर असते. त्यातलं जुनं, चुकीचं, दोनदा लिहिलेलं शोधायचं आणि ‘मिटलं’ हे बटण दाबायचं. डॉक्टरांनी काय दिवे लावलेत! मागच्या तपासणीतलं उचलायचं, पुढच्यात चिकटवायचं. एका बाईंचा उजवा पाय दोनदा कापलाय. शिकलेली माणसं म्हणे!

वॉर्डातल्या थोरल्या सिस्टर बजावून गेल्या की काहीही काढण्याआधी पेशंटला जाऊन विचारायचं. हो, मला दुसरे उद्योगच नाहीत. स्क्रीनवर दिसतंय तेवढं पुरे.

मंगळवार
आज धडाका लावला. गाण्याचे मास्तर, आणि म्हणे डावा कान बहिरा. काहीही! मिटलं. शिंप्याची बोटं बधिर, मग कपडे कोण शिवतं, याची सासू? मिटलं. आणि कहर म्हणजे एका आजोबांच्या यादीत ‘मृत’. नोंदीप्रमाणे हे मृत आजोबा दर महिन्याला बीपी तपासायला येतात आणि रांगेत भांडतात. हसून हसून पोट दुखलं. मिटलं.

विचारायला गेलो नाही, हे सांगायला नकोच.

गुरुवार
बायकोचा फोन आला, तर माझ्या डाव्या कानाला काही ऐकूच येईना. मळ असेल. नोकरीला लागताना माझीही तपासणी झाली होती, म्हणून सहज माझी यादी उघडली. लागलो तेव्हा कोरी होती. आज तिथे डाव्या कानाचा बहिरेपणा. कुठल्या गाढवाने चिकटवलं? ‘मिटलं’ दाबलं. परत आलं. पुन्हा दाबलं. परत.

शुक्रवार
चहाचा कप हातातून सुटला. बोटं बधिर. यादीत तेच. मी काढलं त्याच क्रमाने येतंय. म्हणजे यानंतर—

छे. घाबरतोय कसला मी!

सिस्टरना सांगितलं. त्या हसल्या नाहीत, हेच वाईट. म्हणाल्या, न विचारता काढलेलं काढणाऱ्याकडे येतं, आणि आपलं आपल्याला पुसता येत नाही. ज्याच्याकडे बटण आहे अशा दुसऱ्या कुणीतरी समोर येऊन, बघून, विचारून पुसावं लागतं; सिस्टरकडे ते बटण नाही. मोठ्या डॉक्टरांकडे धावलो. त्या शहाण्याने स्क्रीनवरून मान वर केली नाही.

शनिवार
वॉर्डात झोपवलंय. एका बोटाने टाइप करतोय. माझ्या खुर्चीत नवा माणूस आलाय. सिस्टरकरवी निरोप धाडला, बाबा रे, खाली ये, मला बघ, विचार. त्याचं उत्तर आलं की स्क्रीनवर दिसतंय तेवढं पुरे.

माझंच वाक्य. मेल्याने शब्दही बदलला नाही.

भीती वाटते. खूप.

रविवार
सिस्टरना सुट्टी. यादीत तिसरं आलंय— डॉक्टर वाचतोय— माझ्याकडे बघत नाही— ओरडतोय मी— बायकोला बाहेर नेलं, ती रडतेय— चादर वर ओढतोय हा— अरे गाढवा, जिवंत आहे मी— मला विचार— एकदा वि