दोन बुंध्यांच्या पेरूची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, निवृत्त टंकलेखिका, वय वर्षे चौऱ्याहत्तर, स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या पश्चात करावयाची व्यवस्था लिहून ठेवते. वकीलसाहेबांच्या कचेरीत मी जन्मभर दुसऱ्यांची मृत्युपत्रे टाइप केली. स्वतःचे टाइप करताना मात्र चौथा कागद फाडून झाला आहे. शुद्धीत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी आजचा वार विचारला तो मी चुकले, पण दवाखान्याच्या खिडकीतल्या सगळ्या कुंड्यांची नावे सांगून कुठल्या कुंडीला पाणी जास्त होते आहे तेही सांगितले, तेव्हा त्यांनी सही केली. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे, म्हणून ही घाई.

१. राहते घर व बँकेतील ठेव माझ्या एकुलत्या एक मुलाला मिळावी. सुनेने बाहेरच्या खोलीतील प्लॅस्टिकची फुले काढून टाकावीत. ही अट नसून विनंती आहे. पुन्हा विचार करता, ही अटच आहे.

२. छाटणीची मोठी कात्री, झारी, खुरपी आणि गांडूळखताचे पिंप सुनेला द्यावे. प्लॅस्टिकची फुले आवडत असली तरी तिचा हात झाडांना मानवतो, हे मान्य करणे भाग आहे. कलमे बांधण्याचा चाकू आमच्या ह्यांचा आहे. तो कोणाला द्यावा हे मला सुचत नाही. तूर्त तो मधल्या खणात राहू द्यावा.

३. बागप्रेमी मंडळाच्या अध्यक्षांना माझ्यातर्फे मुरलेल्या शेणखताचे एक पोते पोहोचते करावे. ज्या गुलाबाला त्यांनी पहिले बक्षीस दिले, त्याच्या बुंध्याला रोपवाटिकेची चिठ्ठी तशीच लटकत होती. आदल्या दिवशी विकत आणलेले झाड ते. माझा गुलाब मी काडीपासून वाढवलेला, आणि तो दुसरा आला. अध्यक्षांविषयी माझ्या मनात राग नाही. पोते मात्र त्यांच्या दारातच उतरवावे.

४. बियांच्या बरण्या ज्याला हव्यात त्याने न्याव्यात. दमट हवेने वरच्या चिठ्ठ्या सुटल्या आणि मी त्या अंदाजाने परत चिकटवल्या, त्यामुळे टोमॅटो कुठला आणि वांगे कुठले याची हमी देत नाही. पेरावे आणि काय येते ते पाहावे.

५. आता पेरू. खरे तर हे सगळे लिहायला घेतले ते याच्यासाठी, आणि नेमके इथेच माझे डोके चालेनासे होते.

माझी नणंद पलीकडच्या घरात राहते. मधे कमरेएवढी भिंत आहे. वन्संच्या अंगणात गुलाबी गराचा पेरू होता, माझ्याकडे कुंडीत बीपासून आलेले साधे पांढऱ्याचे रोप. आमच्या ह्यांनी आपल्या बहिणीच्या झाडाची एक फांदी भिंतीवरून इकडे वाकवली आणि माझ्या रोपाशी भेटकलम बांधले. दोन्हींची साल एका बाजूने तासायची, उघड्याला उघडे लावून घट्ट आवळायचे, आणि दोघांना आपापल्या मुळांवर ठेवायचे. जोड धरला की वन्संची फांदी जोडाच्या खाली कापायची आणि माझे रोप जोडाच्या वर. मग माझ्या मुळांवर वन्संचा पेरू वाढतो. जोड धरला. कापायच्या आधीच हे दवाखान्यात गेले आणि परत आले नाहीत.

वन्सं म्हणतात, दादाने त्यांना सांगितले होते की नवी पालवी आली की लगेच काप. मला ते म्हणाले होते की घाई करू नकोस. ह्यांना समोरच्याला बरे वाटेल ते बोलायची सवय होती, त्यामुळे दोन्ही खरे असेल. वन्सं करवत घेऊन आल्या तेव्हा मी रोपाच्या आड उभी राहिले. त्या म्हणाल्या, त्यांचे झाड फुकट माझी कुंडी पोसते आहे. मी जे म्हणाले ते इथे टाइप करत नाही, कारण हा कागद नोंदणीला जायचा आहे. त्यानंतर आम्ही एकमेकींशी बोललो नाही. त्यांच्या झाडाच्या बाकीच्या फांद्या वाळल्या आणि सगळा जोर वाकवलेल्या फांदीला आला. माझ्या रोपाची मुळे कुंडी फोडून जमिनीत गेली. आज भिंतीच्या दोन्ही अंगांना दोन बुंधे आहेत, मधे भिंतीला रेटणारी एक गाठ आणि वर एकच पसारा. कुठली फांदी कोणाची हे मला सांगता येत नाही. फळ कापल्यावर गुलाबी की पांढरे ते कळते, पण कापलेले फळ परत कसे द्यायचे?

भिंत कलली आहे. ती नव्याने बांधायची तर एक बुंधा काढावा लागेल, असे गवंड्याचे म्हणणे. कुठल्या बुंध्यावर झाड जगते आहे, असे त्याने विचारले. मला माहीत नाही. रोपवाटिकेवाल्यालाही सांगता आले नाही. चुकीचा कापला तर सगळेच वाळेल. मुलगा म्हणतो, "आई, कुठला तोडायचा ते एकदाचं लिहून टाक. तू नसताना मी कोणाला विचारू?"

६. कोणताही बुंधा कापू नये. ही तरतूद रद्द, कारण भिंत कोणाच्या तरी अंगावर पडेल. माझ्या बाजूचा कापावा. हीदेखील रद्द. मला ते झाड हवे आहे. ह्यांनी बांधलेले आता तेवढेच उरले आहे, आणि मी नसेन तेव्हाही ते मला हवे आहे. हे कायद्यात कसे बसवायचे ते मला कळत नाही.

७. सबब, माझ्या बाजूचा बुंधा, त्याची मुळे आणि त्याखालची जमीन मी माझ्या नणंदेला देते. दोन्ही बुंधे एकाच्या मालकीचे झाले की काय कापायचे ते त्या ठरवतील. त्यांनी दोन्ही कापले तरी माझी हरकत नाही. हरकत आहे, पण तोवर मी नसेन.

८. वरील मजकूर वाचून झाल्यावर घडलेले, वकीलसाहेबांच्या सल्ल्याविरुद्ध, इथे नमूद करते. दुसरे साक्षीदार म्हणून येणारे शेजारचे शिंपी आलेच नाहीत. पहिले साक्षीदार म्हणून आलेल्या डॉक्टरांना परत जायची घाई होती. त्यांनी मला न विचारता भिंतीवरून वन्संना हाक मारली. वन्सं आल्या, चष्मा लावून सातवी तरतूद वाचली आणि पेन मागितले. वकीलसाहेबांनी त्यांना अडवले. मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याला दिलेले बाद होते, असे त्यांनी समजावले.

"मग होऊ दे बाद," वन्सं म्हणाल्या.

मी म्हणाले, "वन्सं, झाड हातचं जाईल तुमच्या."

"जाऊ दे. झाड मिळायला तू मरायला हवीस. म्हणजे आता मी रोज सकाळी उठून तुझ्या मरणाची वाट बघू का, वहिनी?" असे म्हणून त्यांनी पेन उचलले आणि सही केली.

मला रडू आले, हेही नमूद करते. मग वन्संनी गवंड्याला बोलावून विचारले की भिंतीत मधे जागा सोडून दोन तुकड्यांत बांधता येते का. तो म्हणाला, येते, कोणी सांगितलेच नव्हते. त्या मोकळ्या जागेतून दोन्ही घरांनी ये-जा करावी, असे ठरले. दोन्ही बुंधे राहतील. झाड कोणाचे, हे मला अजूनही सांगता येत नाही.

ठिकाण : राहत्या घराचे मागील अंगण
दिनांक : १९ नोव्हेंबर

मृत्युपत्र करणारीची सही : (केली)

साक्षीदार पहिले : डॉक्टर. (सही केली)

साक्षीदार दुसरे : मृत्युपत्र करणारीची नणंद. (सही केली. या सहीमुळे सातवी तरतूद बाद होते हे त्यांना दोनदा समजावून सांगितले. दोन्ही वेळा त्यांनी होय म्हटले.)