शेवंतीची कोंबडी

२१ जानेवारी १९९२, मंगळवार

मुलांना बोलतं करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? मला ठाऊक नाही. गुरुवारी नेऱ्याच्या बालवाडीत पर्यवेक्षिका येणार, म्हणून सगळ्यांकडून एकच गाणं घोटून घेतेय. वीटभट्टीवरची शेवंती मात्र गप्प. चार वर्षांची पोर, दिवाळीनंतर बालवाडीत आली तेव्हापासून एक शब्द नाही.

आज गाणं ऐन रंगात असताना तीच उठली. "बाय, काल भट्टी लावली. आमची कोंबरी पलाली! बा तिच्या मागं!" सगळी मुलं गाणं सोडून तिच्याभोवती. "मंग? गावली?"

तेवढ्यात मदतनीस कमळमावशी ओरडल्या, "गप गो! आदी गाना म्हन." शेवंती बसली ती बसलीच. मी मावशींना का नाही थांबवलं? कोंबडी सापडली की नाही, कुणालाच कळलं नाही.

मावशी वर मलाच म्हणतात, "बीए बाई, कोंबरीवर शेरा चांगला नाय मिलत." खरं असेल. नोकरी अजून कायम नाही, घरी सगळे त्याचीच वाट बघतायत. पण ती कोंबडी डोक्यातून जात नाही.

घरी येण्याआधी पनवेलला पर्यवेक्षिकांच्या दारात उभी राहिले. सांगून आले, गुरुवारी गाणं होणार नाही. मुलं आपलं आपण बोलतील, आणि कुणी गप्प बसलं तर तेही चालवून घ्या.