झेंडूने उडवलेलं ग्लायडर

शनि., ८ ऑक्टो. २००५
आजही आपटलं. थर्माकोलचं ग्लायडर, तीन महिन्यांची मेहनत, आणि गेलं जेमतेम बारा पावलं. हेडबाई व्हरांड्यातून बघत होत्या. "दिवाळीनंतर विज्ञानखोलीत कॉम्प्युटर बसवतोय. त्याआधी हे उडालं तर बघू." खोली गेली की नववीचं विज्ञान फळ्यावरच. भयंकर चिडलेय.

सोम., १०
पंख वाढवले. तेच. हातातून सुटलं की नाक वर, वेग कमी, मग धप्प. पंख हवा खाली ढकलतो म्हणून ते तरंगतं, पण त्याला वेग लागतो. नाक फार उचललं की हवा पंखाला धरून वाहत नाही, आधार जातो. हे सगळं मी शिकवते! पण नाक उचलतंय का?

मंगळ., ११
उद्या दसरा, म्हणून आज शाळेत सरस्वतीपूजन. शिपाई लुईसमामा उत्तनच्या कोळीवाड्यातले, दर रविवारी चर्चला जाणारे; पण घंटा, पाण्याचा पंप, सगळ्यांना हार त्यांनीच घातले. ग्लायडरच्या नाकालाही झेंडू गुंडाळला. काढायचा कंटाळा, तसंच हवेत सोडलं.
मैदान ओलांडून पार भिंतीपर्यंत गेलं.
हेडबाईंनी हात जोडले. "देवीची कृपा." डोळ्यांत पाणी आलं माझ्या, आणि रागही. कृपा वहीत कशी लिहू?
मामा म्हणाले, "बाय, बोटीत मागं माल जास्त झाला तं पुढचं टोक उठतं. यात नवीन काय हाय?"
शेपटीला मजबुतीसाठी प्लायवूड मीच लावलंय. शहाणी!
हार घेऊन थेट किराणावाल्याकडे. "मॅडम, फूल क्यों तौल रही हो?" म्हटलं, वजन बोलो बस.

गुरु., १३
मामांनी जाळ्याला लावायचं शिसं आणलं. हाराच्या वजनाइतकं तोडून नाकात बसवलं. हार नाही, पूजा नाही. तीनदा सोडलं, तीनदा भिंतीपर्यंत. जिंकले. अख्खी नववी ओरडत होती, मी सगळ्यांत जास्त.
मामा हळूच म्हणाले, "शिसं हाय, तरी एक फूल राहू द्या."
नाही म्हणवेना. ग्लायडर दोन बोटांवर तोललं, जिथे सरळ राहिलं तिथेच फूल चिकटवलं. तिथल्या वजनाने नाक उठत नाही नि शेपूटही नाही. चौथ्यांदाही गेलं.
हेडबाईंनी विज्ञानखोलीची चावी माझ्या हातावर ठेवली. कॉम्प्युटरचं दिवाळीनंतर बघू. चावी पर्समध्ये टाकली.