शेकडा पंचावन्न

परभणी,
अधिक महिन्यातला दुसरा रविवार

चि. शिवप्रकाश यांस,

गुरुपादचे नमस्कारपूर्वक शरणार्थ. (तुम्ही माझ्या बायकोचे धाकटे भाऊ, म्हणजे रिवाजाप्रमाणे मी अनेक आशीर्वाद लिहायला हवेत. तसे लिहिलेही होते. पण आशीर्वाद देणाऱ्याच्या अंगी थोडी तरी लायकी असावी लागते, म्हणून तो कागद फाडला आणि हा दुसरा घेतला.) तुमची, शिवरंजनीची आणि लेकरांची तब्येत ठीक असेल. चाकणला ऊन आमच्याएवढं नसेल. इथे दुपारी बाराला गाडीच्या दाराला हात लावता येत नाही. अर्थात त्या गाडीला हात लावायचं तोंड मला उरलेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

ईश्वरी बरी आहे. तुमच्या आई, म्हणजे आमच्या मामी, त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू निघाला. पट्टीही सुटली. डॉक्टर म्हणतात, डोळा छान आहे, पंधरा दिवसांनी डावाही करून टाकू. एवढं ईश्वरीने तुम्हाला फोनवर सांगितलं असेलच. पुढचं तिने सांगितलेलं नाही, कारण ते मी स्वतः सांगायचं अशी तिने मला तंबी दिली आहे. फोन तीन वेळा हातात घेतला आणि तीनही वेळा ‘ऊन कसं आहे’ एवढ्यावरच बोलून ठेवला, हे तुम्हाला आठवत असेल. म्हणून हे पत्र. पत्रात माणसाचं तोंड दिसत नाही, ही सोय आहे.

तर गोष्ट गाडीची आहे. तुम्ही पाडव्याला नवी गाडी घेतली तेव्हा जुनी छोटी गाडी आमच्याकडे पाठवलीत आणि म्हणालात, ‘दाजी, आईला झरीहून दवाखान्यात न्यायला-आणायला राहू द्या, तिला एस.टी.त चढवत नाही.’ गाडी त्या कामासाठी होती. दुसऱ्या कशासाठीही नव्हती. मी तिचं काय केलं ते आता सांगतो. पण त्याआधी काशीनाथरावांचं सांगायला हवं. (दोष त्यांच्यावर ढकलायचा नाही. थोडासा ढकलायचा आहे.)

अधिक महिना लागताच मामींनी आम्हा दोघा जावयांना झरीला धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. आमचे साडू काशीनाथराव पूर्ण्याहून आपल्या गाडीतून आले, आणि त्या गाडीला चकचकीत अलॉयची मोठी चाकं होती. मामींनी दोघांनाही सारखेच चांदीचे दिवे दिले, सारखेच अनारसे वाढले, कशात फरक केला नाही. पण गल्लीतली माणसं दिवे बघायला आलीच नाहीत. सगळी दारात चाकांभोवती उभी. मी माझी गाडी लिंबाखाली लावली होती. तिच्या चाकांवरच्या प्लास्टिकच्या टोप्यांपैकी एक कुठेतरी पडून गेली आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, सव्वीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला चाकांवरून खंत वाटावी याची लाज वाटते. पण वाटली खंत, खोटं कशाला लिहू?

दुसऱ्याच दिवशी मी बजरंगच्या दुकानात गेलो. बजरंग म्हणजे तुमच्या मागच्या वर्गातला, झरीच्या शाळेतला. गणितात मी त्याला दोनदा नापास केलं होतं. आता जिंतूर रस्त्याला त्याचं टायर आणि चाकांचं मोठं दुकान आहे. त्याने गाडी बघितली, आपल्या मूळच्या टायरवरचे आकडे वाचले, एकशे पासष्ट, ऐंशी, चौदा, आणि म्हणाला, ‘सर, सोळा इंची पायजे आसंल तर एकशे पंच्याण्णव पंचावन्न बसवा. त्याच्या वर जाऊ नका.’ मी विचारलं, का जाऊ नये? तो म्हणाला, घासतंय. मी म्हणालो, हिशेबाने सिद्ध कर. सव्वीस वर्षांची सवय आहे, तोंडातून गेलं.

त्याला सिद्ध करता येईना, म्हणून मी करून दाखवलं. टायरच्या खोक्यावर, त्याच्याच पेनने. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. हे बरोबर होतं. दुसरा आकडा टायरची उंची, तीही मिलिमीटरमध्ये. (इथे थांबा. इथे काय झालं ते पुढे येईल. तोपर्यंत हसू नका.) तिसरा आकडा आतल्या चाकाचा, इंचात. जुनं चाक चौदा इंच म्हणजे तीनशे छप्पन्न मिलिमीटर, वर ऐंशी, खाली ऐंशी, एकूण पाचशे सोळा. नवं चाक सोळा इंच म्हणजे चारशे सहा, वर पंचावन्न, खाली पंचावन्न, एकूण पाचशे सोळा! एका मिलिमीटरचा फरक नाही. शिवप्रकाश, इतका सुंदर ताळा मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिला आहे. मी बजरंगला म्हणालो, ‘उंची जुळली. आता रुंदी कितीही घ्या, ती उंचीला लागत नाही.’ आणि त्याच्या दुकानात होता त्यातला सगळ्यात रुंद टायर मागितला. दोनशे पंचवीस, पंचावन्न, सोळा. बजरंगने खोक्याकडे बराच वेळ पाहिलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, ‘सर, तुमी शिकिवलंय मला. मी काय बोलू?’ आणि चाकं बसवली. जुनी चारही चाकं मी त्याच्याच दुकानात देऊन टाकली. मी त्याच्या पाठीवर थाप मारून बाहेर पडलो. ती थाप आठवली की अंगावर काटा येतो.

घरी आणून चारही चाकांवर विभूतीचे तीन-तीन पट्टे ओढले, नारळ फोडला. चार दिवस एकटाच गाडी घेऊन गावभर फिरलो. स्टेअरिंग जड लागत होतं, ते मला भारदस्त वाटलं. वळणावर कधी चरचर व्हायची, ती मी रस्त्याच्या खात्यात टाकली.

पाचव्या दिवशी मामींना आणायला गेलो. ऑपरेशनसाठी साडेनऊचा नंबर होता. मामी म्हणजे कधी रिकाम्या हाताने निघणार नाहीत. घरच्या ज्वारीचं एक पोतं डिक्कीत टाकलं. ईश्वरी त्यांना धरून मागे बसली. पुढची सीट रिकामी होती, पण जावयाच्या शेजारी सासू बसत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणजे सगळा भार मागच्या चाकांवर, आणि पुढे मी, माझा रुमाल आणि पाण्याची बाटली. झरीच्या बाहेरच्या पहिल्याच गतिरोधकावर मागून खर्रर्र असा आवाज आला की ईश्वरीने ‘अगं बाई’ म्हणून पाय वर घेतले. दुसऱ्यावर रबर जळाल्याचा वास आला. मी उतरलो, वाकून बघितलं. टायर वर मडगार्डला घासून चकचकीत झाला होता.

मी म्हणालो, खडा अडकलाय.

पुढे नागनाथच्या चहाच्या हॉटेलापाशी ज्वारीचं पोतं उतरवलं, परत येताना नेऊ म्हणून. तरी घासायचं थांबेना. ईश्वरीला पुढे बसवलं. तरी घासतच होतं. आता मागे एकट्या मामी राहिल्या. त्यांनी हळूच विचारलं, ‘जावईबापू, माझ्या वजनानं व्हायलंय का हे?’

शिवप्रकाश, इथपर्यंत मी मूर्ख होतो. इथून पुढे वाईट झालो. खरं उत्तर दोन शब्दांचं होतं, ‘टायर चुकला’. ते माझ्या तोंडातून निघालं नाही. मी आरशात बघत म्हणालो, ‘थोडा लोड येतोय, मामी.’ थोडा लोड! पुढचा गतिरोधक दिसला तशा मामी म्हणाल्या, ‘थांबवा, मी उतरून जाते.’ आणि उतरल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पदर डोक्यावर, ईश्वरीचा हात धरलेला. गाडी गतिरोधकावरून रिकामी पुढे, मामी मागून पायी. तिथून परभणीपर्यंत असे नऊ गतिरोधक आहेत. मी यापूर्वी कधी मोजले नव्हते. सहाव्यावर एक मोटरसायकलवाला थांबून म्हणाला, ‘सर, चाकं लय भारी हायत!’ मी त्याला धन्यवाद दिले, आणि मागून तुमच्या आई रस्ता चाचपत येत होत्या.

नंबर गेला. दवाखान्यात नर्सबाईंनी मामींना काट्यावर उभं केलं आणि मोठ्याने म्हणाल्या, ‘चव्वेचाळीस.’ मामींनी माझ्याकडे बघून मान हलवली, जणू आकडा फार मोठा निघाला. चव्वेचाळीस किलो, शिवप्रकाश. त्या ज्वारीच्या पोत्याहून सहा किलोंनी कमी. मी तिथे भिंतीवरचं डोळ्याचं चित्र वाचत उभा राहिलो. शेवटी डॉक्टरांनी दुपारी सगळ्यांच्या शेवटी त्यांना आत घेतलं.

ऑपरेशननंतर त्यांना आमच्याच घरी ठेवून घेतलं. आणि आता मूळ गोष्ट. त्या दिवसापासून मामी अर्धीच भाकरी खातात. ईश्वरी वाढायला गेली की ताटावर हात धरतात. ‘बस झालं. लय व्हतंय.’ झरीला त्या दोन खायच्या, तुम्हाला माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा वाटतोय, पुढच्या ऑपरेशनपर्यंत नीट खाऊ द्या. मी ताटावर बसतो, माझ्यासमोर दोन भाकऱ्या असतात आणि त्यांच्यासमोर अर्धी. तरी मी दोन्ही खातो, कारण उरवल्या तर ईश्वरी का म्हणून विचारेल. तिला सगळं माहीत आहे, तरी विचारेल.

काल मी बजरंगकडे परत गेलो. त्याने खाली मान घालून, अगदी हळू आवाजात सांगितलं, ‘सर, रागावू नका. त्ये पंचावन्न म्हंजी मिलिमीटर न्हाईत. शेकडा पंचावन्न. रुंदीच्या.’

शेकडा! म्हणजे एकशे पासष्टच्या शेकडा ऐंशी, एकशे बत्तीस. दोनशे पंचवीसच्या शेकडा पंचावन्न, जवळपास एकशे चोवीस. जुनं चाक पाचशे सोळा नव्हतंच, सहाशे वीस होतं. नवं सहाशे चोपन्न झालं. चौतीस मिलिमीटर जास्त, आणि वर साठ मिलिमीटर रुंद. रुंदी वाढली की उंची वाढते, हेच तर तो बिचारा सांगत होता. मी विचारलं, मग त्या दिवशी का नाही बोललास? तो म्हणाला, ‘बोललो न्हवं. तुमी सिद्ध कर म्हनले.’

शिवप्रकाश, तुम्ही सातवीत असताना तुमची बहीण अजून माझी बायको झालेली नव्हती आणि तुम्ही माझ्यासाठी फक्त दुसऱ्या बाकावरचा मुलगा होता. ‘दोनशे रुपयांच्या वस्तूवर शेकडा दहा सूट’ या उदाहरणात तुम्ही सूट दहा रुपये लिहिली होती. मी तुम्हाला पूर्ण तास बाकावर उभं केलं आणि साऱ्या वर्गाला म्हणालो, ‘शेकडा आणि आकडा यातला फरक ज्याला कळत नाही तो आयुष्यात फसेल.’ तुम्ही फसला नाहीत. गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर झालात. एक फोन केला असता तर तुम्ही अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं. पण ज्याला बाकावर उभं केलं त्यालाच विचारायचं कसं, हा माझा अडसर होता. आज तो राहिलेला नाही. मला माफ करा. तेव्हाच्या बाकाबद्दल, आणि मामींच्या नऊ गतिरोधकांबद्दल.

शिवरंजनीला शरणार्थ, लेकरांना पापा.

तुमचा (अजून म्हणत असाल तर) दाजी,
गुरुपाद

ता. क. तुम्ही मामींना फोन करून सांगा की गाडीच्या मागच्या स्प्रिंगा कंपनीतूनच नरम आल्या आहेत, त्यांच्या वजनाचा काही संबंध नाही, त्यांनी पोटभर जेवावं. तुम्ही कारखान्यातले, तुमचं त्या ऐकतील. टायरचा विषय नाही काढला तर बरं.

ता. क. २. आपली जुनी चारही चाकं बजरंगने पोखर्णीच्या एका गिऱ्हाइकाला विकून टाकली. फक्त स्टेपनी उरली आहे. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या आत चार चाकं मिळाली तर पाहा. आकडे स्टेपनीवरून उतरवून देतो, पण हिशेब तुम्हीच करा.

ता. क. ३. काशीनाथरावांना यातलं काही कळू देऊ नका. परवा ते आले तेव्हा मी वाकून त्यांचे टायर वाचले. पंधरा इंचीच आहेत.

—

शिवा, मी आई. ईश्वरीनं पाकीट टपाल पेटीत टाकायला दिलं, चिकटवलेलं न्हवतं, म्हणून वाचलं. नव्या डोळ्यानं वाचलं, बारीक अक्षर बी समदं दिसायलंय. चाक मोठं हाय हे मला पहिल्या दणक्यालाच कानानं कळलं व्हतं. तुझ्या बापाच्या बैलगाडीत जलम गेला माझा. पण जावयाला तोंडावर कसं म्हणावं, म्हणून माझं वजन म्हणलं आन उतरले. चालताना काई तरास झाला न्हाई. भाकरीचं म्हणशील तर हितली ज्वारी इकतची हाय, मला जात न्हाई. माझं पोतं नागनाथच्या हाटेलात पडलंय. ते आणा म्हणलं तर जावयांनी पोतं का उतरवलं हे निघंल, म्हणून गप बसले. तू चाकं घेऊन ये, येताना पोतं बी तुझ्याच गाडीत आण. आन दाजीला हसू नको. मी हसले तेवढं बस झालं.