पाय, पोट आणि पोरं

१० जानेवारी, सोमवार
कंपनीची बस पुन्हा चांदणी चौकात अडकली. वारज्यात उतरेपर्यंत डोकं भणभणत होतं. त्यात एचआरची मेल. फेब्रुवारीत फॅमिली डे, आणि दर टीममधल्या एकाने ‘ज्येष्ठांकडून मिळालेला सुखी आयुष्याचा धडा’ पाच मिनिटांत सांगायचा. स्लाइडसह! टीममध्ये घरात वडीलधारं माणूस असलेली मी एकटी, बाकीच्यांचे आईवडील गावाला. मॅनेजरने परस्पर माझं नाव देऊन टाकलं.
घरात शिरल्या शिरल्या बाबांना विचारलं, ‘बाबा, सुखी आयुष्याचं रहस्य काय?’
‘पंखा बंद कर. थंडी वाजते.’
झाला धडा.

१३ जानेवारी, गुरुवार
डॉक्टर बाबांवर वैतागले. साखर वाढलेली, वजन वाढलेलं. रोज चाला म्हणून तीनदा सांगितलं. आई गेल्यावर मी त्यांना यवतमाळकडच्या दारव्ह्याहून इथे आणलं, तेव्हापासून गॅलरीतली खुर्ची आणि ते. दारव्ह्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. सगळा तालुका त्यांच्या आवाजावर गाड्या पकडायचा. इथे दिवसाला दहा वाक्यं नाहीत.
‘चालून जायचं कुठी?’
‘कुठेच नाही बाबा. नुसतं चालायचं.’
‘मंग काऊन चालू?’
 आणि जेवताना रोजचं पालुपद: घर बंद पडलं, एकदा जाऊन येतो. ‘जाऊन येतो’ म्हणजे ‘जातो’, हे कळण्याइतकी मी त्यांना ओळखते. तिथे एकटे. काही झालं तर इथून पोचायला अख्खी रात्र. पाठवणार नाही. विषय संपला.

१६ जानेवारी, रविवार
माझ्या नवऱ्याची, अजयची आयडिया: बाबांना खालच्या बागेतल्या कट्ट्यावर न्यायचं. तिथल्या मुख्य म्हणजे लिमये बाई. शनिवार पेठेत अजयला शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त, आमच्याच सोसायटीत. अजय अजून त्यांच्यासमोर खिशातून हात काढतो. आज आला नाहीच, मलाच पुढे घातलं.
बाबांची ओळख करून दिली. म्हटलं, आलोच आहोत तर आपलंही काम उरकू. सुखी आयुष्याचं बाईंनाच विचारलं.
‘किती वेळात हवंय?’
‘पाच मिनिटं बोलायचंय.’
‘पाच मिनिटांत चहासुद्धा धड उकळत नाही. वडिलांना ठेवून जा. तुम्ही नाही थांबलात तरी चालेल.’
पुणेरी माणसाने ‘चालेल’ म्हटलं की उठायचं असतं, हे लग्नानंतर पहिल्याच वर्षी शिकलेय. उठले.

२२ जानेवारी, शनिवार
गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली पाहिलं तर बाबा चालतायत!! बागेला पूर्ण फेरी. येऊन बसले. थोड्या वेळाने पुन्हा उठले, पुन्हा फेरी. अजयला ओढत आणून दाखवलं.
कट्ट्यावरचे बाकीचेही अधूनमधून उठतात, पण एकेकटे. एक उठतो, बाकीचे हसतात. म्हातारपणी माणसं विचित्र होतात बहुतेक. असो. चालतायत ना.

३० जानेवारी, रविवार
साखर उतरली. डॉक्टर खूश. मी बाबांना विचारलं, ही सवय लागली कशी?
‘लागली.’
मी इतकं सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा नाही. आणि लिमये बाईंनी काय जादू केली? बाईंना जिन्यात गाठलं. ‘त्यांनाच विचारा,’ म्हणाल्या आणि पिशवी सावरत वर गेल्या. दोघं मिळून मला वेड लावणार.
पण माझी स्लाइड तयार. ‘सत्तरीत नवी सवय: माझ्या वडिलांची पहिली फेरी.’ गॅलरीतून काढलेला फोटोही टाकला. पाठमोरे, हात मागे बांधलेले.

१२ फेब्रुवारी, शनिवार
फॅमिली डे. बाबांना इस्त्रीचा शर्ट घालून नेलं, पहिल्या रांगेत बसवलं. मी बोलले. चिकाटी, शिस्त, बदलाची तयारी वगैरे. टाळ्या पडल्या. एचआरच्या मुलीने डोळे पुसले. मला कॉफीचा मग मिळाला.
परत येताना टॅक्सीत बाबा बाहेर बघत होते. मग म्हणाले, ‘लय छान बोलते तू. कोणाबद्दल बोलत होती?’
मला वाटलं ऐकू आलं नसेल. ‘तुमच्याबद्दल, बाबा.’
‘असं का,’ म्हणाले.
तो कॉफीचा मग टेबलावर ठेवलाय. त्यात चहा प्यायची इच्छा नाही.

१३ फेब्रुवारी, रविवार
पेढे घेऊन कट्ट्यावर गेले. बाबा अजून दुपारच्या झोपेतून उठले नव्हते. बाईंना भाषणाचं सांगितलं, ते शिस्त, चिकाटी. बाईंनी चष्मा काढून पुसला.
‘शिस्त? मंजूषाबाई, ती शिक्षा आहे.’
तर असं आहे. कट्ट्यावर तीन विषय बंद. पाय, पोट आणि पोरं. जो यातलं काही काढेल त्याने मुकाट उठायचं आणि बागेला एक फेरी मारून यायचं. बाईंनीच घातलेला नियम. ‘नाहीतर रोज गुडघे, गॅस आणि न्यू जर्सी. दुसरं कानावर पडत नव्हतं.’
मी म्हटलं, बाबांचे तर पाय दुखत नाहीत.
‘नाहीत. पोटही उत्तम.’
मला कळायला जरा वेळच लागला. एकुलती एक आहे मी.
‘काय बोलतात माझ्याबद्दल?’
‘ते मी इथे बसून सांगू शकत नाही. आणि माझ्या या गुडघ्यांनी…’ बाई थांबल्या. सगळा कट्टा हसला. बाईंनी स्वतःच्या कपाळावर हात मारला आणि काठी घेऊन उठल्या. ‘चला. फेरीत बोलायला बंदी नाही.’
बाईंबरोबर हळूहळू चालले. त्यांनी सांगितलेले बाबांचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवते.
मुलगी घरी आली की चप्पल काढता काढता ‘जेवलात का’ विचारते, आणि मी हो म्हणायच्या आत फोन कानाला लावते. मुलीच्या हाताखाली मोठी मोठी माणसं आहेत. मुलगी दमून वाळून गेली, तिला कोणी सांगत नाही. दुसरीत असताना स्टँडवर यायची, माझ्या माइकवरून गाडी पुकारायचा हट्ट करायची. एकदा पुकारू दिली तर लोक खरंच जाऊन गाडीत बसले.
‘हे कौतुक करतात की तक्रार?’ मी विचारलं.
‘आम्ही त्यात फरक करत नाही. फेरी तीच.’
वर आले तर बाबा उठून गॅलरीत बसले होते. ‘चहा टाकतं का?’ एवढंच. माइकचं मला आठवतसुद्धा नव्हतं. अख्ख्या कट्ट्याला माहीत आहे, मला नाही! राग येतोय. नक्की कोणाचा, ते…

१८ फेब्रुवारी, शुक्रवार
अर्धा दिवस रजा टाकली. बाबांसमोर खुर्ची ओढून बसले. टीव्ही बंद केला.
‘बोला.’
‘काय बोलू?’
‘काहीही. मी ऐकतेय.’
‘तुले बरं नाई का?’
‘बरं आहे हो! तुम्ही बोला ना. ते माइकचं सांगा.’
त्यांनी एकदम वर बघितलं. म्हणजे बाईंनी सांगितलं हे त्यांना कळलं. ओशाळले की आनंदले, मला अजून ठरवता येत नाही. घसा साफ केला. ‘तर तू दुसरीत होती…’
आणि फोन. सॉफ्टवेअरचं बिल्ड कोसळलं होतं, क्लायंट लाइनवर. फक्त दोन मिनिटं म्हणून उठले. बोलणं संपवून आले तर बाबा आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले होते. टीव्ही बंदच.
मी रजेवर होते. रजेवर! फोन उचलायला कोणी सांगितलं होतं मला? हात आपोआप जातो. भांडी आपटली, अजयवर ओरडले. त्याचा काही संबंध नव्हता.

२७ फेब्रुवारी, रविवार
आठवडाभर बघतेय. बाबा कट्ट्यावर जातात, पण उठत नाहीत. बसून असतात, हातवारे करून बोलत असतात, सगळे ऐकत असतात. फेरी नाही. पायाला काही झालं का विचारलं तर ‘काई नाई’.
शेवटी बाईंना फाटकाशी गाठलं. म्हटलं, बाबा चालत का नाहीत?
या वेळी तिरकं काही बोलल्या नाहीत. ‘आता ते तुमचं नाव काढत नाहीत. दारव्ह्याच्या स्टँडबद्दल बोलतात. फार छान बोलतात. तो विषय आम्ही बंद केलेला नाही.’
संध्याकाळी बाबांनी सांगितलंच. पुढच्या रविवारची गाडी. कट्ट्यावरच्या कुणीतरी बुकिंग करून दिलं. म्हणजे मी ज्यांच्याकडे शहाणपण मागायला गेले, त्यांनी माझ्या बापाला तिकीट काढून दिलं!
खूप बोलले. नको इतकं. तिथे कोण आहे तुमचं, आजारी पडलात तर, मला ऑफिसात काम सुचणार आहे का. शेवटी विचारलं, ‘मी काय कमी केलं तुमचं?’
‘कमी नाई केलं, पोरी. लय केलं. मले करायलेच काई ठेवलं नाई.’
मग म्हणाले, जेवून घे. पोळ्यांवर झाकण ठेवलेलं होतं. त्यांनी ठेवलेलं.

६ मार्च, रविवार
संगमवाडीला ट्रॅव्हल्सच्या स्टँडवर सोडून आलो. गाडीला उशीर. यवतमाळची कोणती, नांदेडची कोणती, कोणाला पत्ता नाही. माणसं बॅगा घेऊन इकडून तिकडे. बुकिंग ऑफिसातला माणूस काचेमागे मोबाइलवर. बाबा पाच मिनिटं बघत राहिले. मग माझ्या हातात पिशवी दिली, आत गेले, त्या माणसाशी काहीतरी बोलले, बाहेर येऊन पायरीवर उभे राहिले आणि सुरू झाले.
‘यवतमाळकडे जाणारे सर्व प्रवासी इकडे या! नांदेडवाल्यांची गाडी मागे लागली हाय, घाई करू नका! आजीबाई, तुमी बसा, अजून वेळ हाय!’
माइक नाही, काही नाही. सगळी गर्दी दोन बाजूंना झाली. अजय तोंड उघडं टाकून बघत होता. हा आवाज माझ्या घरात इतके महिने होता आणि आम्ही त्याला साखरेच्या गोळ्या देत होतो. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला.
‘परतीचं तिकीट काढून ठेवू?’
‘पाहू.’
खिडकीतून हात केला. मी म्हटलं, जेवलात का विचारणार नाही. हसले.

१३ मार्च, रविवार
घरात खुर्ची तशीच. सकाळी पंखा लावला आणि बंद केला.
संध्याकाळी कट्ट्यावर गेले. का, माहीत नाही. भांडायलाच बहुधा. बाईंनी सरकून जागा केली. मी म्हटलं, मला बाबांबद्दल बोलायचंय, पण नियम आहे, सांगा, मारते फेरी.
‘पोरं बंद आहेत. बाप हा विषय बंद करायची कधी वेळच आली नाही,’ बाई म्हणाल्या. ‘इथे कोणालाच उरलेला नाही. बोला.’
सगळे माझ्याकडे बघत थांबले. किती दिवसांचं साठलेलं होतं. आणि तोंडातून निघालं काय, तर त्यांची साखर, त्यांच्या गोळ्या, त्यांच्या तपासण्या. बाकी मला काही सांगता येईना. 
‘असू दे,’ बाई म्हणाल्या. ‘उद्या या.’

१६ मार्च, बुधवार
बसमधून फोन केला. बाबांना धाप लागलेली. 
‘काय झालं? कुठे आहात? गोळी घेतली का?’
‘काई नाई झालं. स्टँडवर चहाच्या टपरीवर आमी रिटायर लोक बसतो. लिमये बाईंचा नियम म्या इथी लावला. आत्ताच डेपोपर्यंत जाऊन आलो.’
पाय ठणठणीत. पोट उत्तम.  मग संताप आला, खरंच आला. तिकडच्या चहावाल्याला माझ्याबद्दल सांगता येतं, इकडच्या कट्ट्याला सांगता येत होतं. मी एकटीनेच काय घोडं मारलंय?
‘काय सांगितलंत त्यांना?’
‘ते आता तुले सांगितलं तर आणखी एक फेरी मारावी लागन.’
‘मारा मग. मी फोन ठेवत नाही.’
 नुसता रस्त्याचा आवाज, कुठली तरी गाडी मागे घेत होते. इकडे ऑफिसचा कॉल दुसऱ्या लाइनवर टूं टूं करायला लागला. वाजू दिला. चांदणी चौकात बस थांबली होती, नेहमीसारखी, आणि आज पहिल्यांदा वाटलं की हलू नये. परत कधी येणार, हे विचारायचं होतं, तेही राहिलं. पलीकडे चपला वाजायला लागल्या.
‘तर तू दुसरीत होती…’ बाबा म्हणाले.