तीन शिंगांच्या पाच कवट्या

दादा, तुम्ही मला घातलंत त्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी शिव्या शिकवल्या नाहीत, याचं काल पहिल्यांदा वाईट वाटलं. वसमतच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून गेले होते. तांड्यावरच्या एका मुलीनं काळ्या मातीच्या पाच कवट्या करून, वाळवून आणल्या होत्या, तीन शिंगांच्या डायनासोरच्या. पहिला नंबर आला असता तर ती जिल्ह्याला गेली असती, आणि त्या लायकीचं तेवढं एकच टेबल होतं. मानेवरची हाडाची झालर प्रत्येकीची वेगळी. पिल्लाच्या झालरीला कडेनं टोकदार त्रिकोण, म्हाताऱ्याच्या झालरीला ते बसून सपाट झालेले. एकाची रुंद, एकाची जरा कललेली. जात मात्र एकच, असं ती ठासून सांगत होती.

माझ्या शेजारचे परीक्षक एक निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवलं. "बुकात एकच हाय. तू पाच केल्या, मंजी चार चुकल्या."

"सर, आमच्या तांड्यातल्या दोन गाईंची शिंगं सारखी न्हाईत. मंग त्या काय येगळ्या जातीच्या व्हय?"

लोक हसले, म्हणून ते चिडले. कानस मागवून त्यांनी तिलाच सगळ्या झालरी घासून एकसारख्या करायला लावल्या. ती घासते आहे, माती तिच्या फ्रॉकवर पडते आहे, आणि हे गृहस्थ पोहे खात बसलेत, मिशीला शेव लागलेली. मला शिसारी आली.

आपल्या पुसेगावात पोळ्याआधी सगळेच बैलांची शिंगं साळून, तासून जोडी सारखी करायचे, तुम्ही सोडून. सुट्टीत मैत्रीण आली होती, आपल्या डाव्या बैलाच्या वाकड्या शिंगाची मला लाज वाटली; मी तुम्हाला म्हणाले, तेही शिंग साळा. तुम्ही कासरा वळत बसला आहात. मान वर न करता म्हणता, "बाई, तुला लाज वाटून राहिली तर तू घरात जाय. त्याचं शिंग त्याचं हाय." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते.

काल बोलले. सरांना म्हटलं, त्या जनावरांना तुमचं बुक वाचता येत नव्हतं, माफ करा त्यांना. ते हसले आणि त्यांनी गुणपत्रक पुढं सरकवलं. मुलीला उत्तेजनार्थ; पहिला नंबर विकतच्या ज्वालामुखीला. तुम्ही गेल्यावर हे पत्र टाकायला पत्ता उरला नाही, ते बरंच आहे. दादा, मला पाचची हिंगोली बस गाठायची होती. मी सही केली. पोरगी बघत होती, तेव्हा मी पर्समध्ये पेनाचं टोपण शोधत राहिले.