फोरमनची सुट्टी

६ डिसेंबर, शुक्रवार
ठरलं. सोमवारपासून चार दिवस चंदेरीच्या पायथ्याशी, ठाकरवाडीत. लेकाला, सुजितला, फोनवर सांगितलं, तर म्हणे सहासष्टाव्या वर्षी डोंगर कशाला, पुण्यात टेकडी आहे की. पुण्याला कायमची येतेस का, ते पंधरा तारखेपर्यंत सांग, हेही पुन्हा ऐकवलं. मनातून हो म्हणून झालंच आहे. बदलापूरचा हा कात्रपमधला फ्लॅट विकायचा, त्याच्या चौदाव्या मजल्यावर राहायला जायचं. त्याआधी एकदा चंदेरी. शेवटची गेले ती बी.एस्सी.ला असताना, १९७९ साली.

फोरमन बरोबर येणार. कुत्रा ह्यांचा. कारखान्यात तीस वर्षं फोरमनचं ऐकलं, आता फोरमन माझं ऐकेल, म्हणायचे – म्हणून हे नाव. त्याने कधीच ऐकलं नाही. हे गेले त्याला तीन वर्षं झाली, फोरमन दहाचा झाला. हल्ली गेटच्या बाहेर पडायचं म्हटलं की बसकण मारतो. निव्वळ आळस! डोंगरावर जिरेल.

७ डिसेंबर
वहीच्या ओळी इतक्या फिक्या छापल्यात की अंदाजाने लिहावं लागतं. कागदवाल्यांनी शाई वाचवायला घेतलेली दिसते. शलाका दिवाळीत म्हणाली होती, आई, डोळे दाखवून घ्या. सुना डोळ्यांपासून सुरुवात करतात. मग गुडघे, मग डोकं.

९ डिसेंबर, सोमवार
बदलापूरहून रिक्षा केली. रिक्षावाला कुत्रा घ्यायला तयार नव्हता. मी आत बसले, फोरमनला मांडीशी घेतलं आणि म्हटलं, चला. गेला.

सुकऱ्याच्या घरी उतरले आहे. पन्नाशीचा असेल. भातशेती करतो, हिवाळ्यात डोंगरावर येणाऱ्यांना वाट दाखवतो. बायको नवसी. दोघं मला सरळ 'तू' म्हणतात. इथे सगळ्यांना सगळे तू. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मान वर केली. चहा संपेपर्यंत सवय झाली.

नाचणीची भाकरी, वालाची उसळ. उत्तम. फोरमन पडवीच्या खांबावर दोनदा आपटला. वेंधळा.

१० डिसेंबर
सराव म्हणून ओढ्यापर्यंत गेलो. फोरमन माझ्या पोटरीला नाक लावून चालत होता. पाय अडकतोय म्हणून ओरडले, साखळी सोडली, पुढे हो म्हटलं. तो चार पावलं गेला आणि सरळ ओढ्यात पडला. पाणी गुडघाभर, पण वर यायला कुठून हेच त्याला कळेना. गोल गोल फिरत राहिला.

सुकऱ्याने उतरून उचलला. डोळ्यांपुढे बोटं हलवली. मग माझ्याकडे बघितलं. "बाय, तुज्या कुत्र्याला दिसत नाय."

मी म्हटलं, घरी तर व्यवस्थित फिरतो.

"घर त्याला पाठ हाय," म्हणाला. "डोंगर कसा पाठ असंल?"

म्हणजे गेटशी बसकण. म्हणजे खांब. किती महिने? आणि मी त्याला आळशी म्हणत होते. रोज.

रात्री जेवण गेलं नाही. तसं काही विशेष नाही, दुपारी जास्त झालं होतं.

११ डिसेंबर
सकाळी सामान बांधायला घेतलं. नवसी म्हणाली, आली तशी परत का? त्यांच्याकडे आंधळी म्हैस होती म्हणे. तिच्या गळ्यात कधी काही बांधलं नाही. पुढे चालणारीच्या गळ्यात घंटी बांधायची. मागची आवाजाने येते. सहा वर्षं चरून आली, कधी पडली नाही.

मग तिने बकरीची घंटी काढली आणि माझ्या पायात बांधली! बी.एस्सी., सेकंड क्लास, एकतीस वर्षं कॉलेजच्या लायब्ररीत 'शांतता राखा' म्हणत काढलेली बाई – पाय टाकला की टण. सुकऱ्या हसून हसून खाली बसला. "आता तू हरवणार नायस."

फोरमनने कान टवकारले. दहा पावलं गेले, थांबले. तो आला. वीस पावलं. आला. शेपटी वर. ती वर बघून किती दिवस झाले आठवेना.

खिंडीपर्यंत साडेचार तास लागले. एका ठिकाणी माझाच पाय सुटला. दगड राखाडी, माती राखाडी, कुणाला कळणार? नवसीने दंड धरला तो वरपर्यंत सोडला नाही. मी दोनदा सांगितलं, सोड. ऐकत नाही.

वर ती हात करून म्हणाली, ती बघ तुझी बदलापूरची बिल्डिंग. मी हो म्हटलं. हवेत धूर फारच वाढलाय हल्ली. फोरमन वाऱ्यात नाक धरून बसला होता. त्याला माझ्यापेक्षा जास्त दिसत असावं.

१२ डिसेंबर
काल दिवस मावळायच्या आत उतरलो. पाय बोलतायत. नवसीने घंटी परत घेतली नाही. म्हणाली, ने, कामाला येईल.

१३ डिसेंबर
घरी. फोरमन जिना चढला, टेबलाला वळसा घातला, पाण्याच्या भांड्यापाशी जाऊन थांबला. एक इंच चूक नाही.

खात्री करायची म्हणून पॅसेजमध्ये स्टूल ठेवलं. तो धडकला. गुरगुरला नाही, नुसता उभा राहिला, काय चुकलं याचा विचार करत असल्यासारखा. स्टूल लगेच जागेवर ठेवलं. प्रयोग पुन्हा करायची गरज नाही.

१५ डिसेंबर, रविवार
सुजितला कळवलं. येत नाही. फ्लॅट विकायचा नाही.

"आई, एका कुत्र्यासाठी?"

"हो. त्याला हे घर पाठ आहे. तुझं नाही."

मग म्हणाला, आणि तुझं काय? म्हटलं, मला काय धाड भरलीय.

१७ डिसेंबर
संध्याकाळी शेजारची हर्षदा डबा परत द्यायला आली. स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. "काकू, अंधारात भाजी निवडताय?"

उठून दिव्याचं बटण दाबायला गेले. ते चालूच होतं. बल्ब कधी गेला, माहीत नाही. कालची पोळी, परवाची आमटी सगळं तिथेच केलं होतं. हाताला लागेल तसं.

हर्षदाने बल्ब बदलला. मी पिशवीतून नवसीची घंटी काढली. या वेळी फोरमनच्या गळ्यात बांधली.